गाडी एकाची बंद पडते, दिवस दोघांचा मोडतो

या वेळच्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा आला: जोडीदाराची गाडी अचानक बंद पडणं आणि त्यानंतर घराच्या वेळापत्रकाचा उडणारा बोजवारा. यंत्राचा प्रश्न आणि घरातला प्रश्न आम्ही वेगळे काढलेले नाहीत. गाडीत काय बिघडलंय आणि ती किती दिवस उभी राहणार हे कळल्याशिवाय उद्या सकाळी कोण कुणाला सोडणार, हे ठरवताच येत नाही.

प्रश्न: नवऱ्याचा फोन येतो, "गाडी चालू होत नाहीये." मी हातातलं काम टाकून निघावं का, निघाले तर सोबत काय न्यावं, काही सुचत नाही. फोनवर काय विचारायचं?

पहिला प्रश्न, गाडी उभी कुठे आहे? भर वाहतुकीत असेल तर बिघाडाचं नंतर बघू. चारही इंडिकेटर लावायचे, वाहतूक नसलेल्या बाजूच्या दारानं सगळ्यांनी उतरायचं, धोक्याचा त्रिकोण मागे किमान 50 मीटरवर ठेवायचा. वेगवान रस्ता असेल तर 100 मीटरवर. मग कठड्यापलीकडे उभं राहून फोन करायचा. गाडीच्या मागे किंवा दोन गाड्यांच्या मध्ये कुणीही थांबायचं नाही.

दुसरा प्रश्न, सेल्फ मारला की नेमकं काय होतं? "चालू होत नाही" एवढ्यात निदान चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात.

डॅशबोर्डवरचे दिवेच लागत नाहीत किंवा अगदी मंद लागतात, म्हणजे बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल, म्हणजे तार जोडायचं टोक, सैल आहे. टर्मिनल हातानं फिरवून बघायला सांगा, ते जराही हलता कामा नये. भराभर टकटकटक असा आवाज येतो पण इंजिन फिरत नाही, म्हणजे बॅटरीत दिवे लावण्यापुरता जीव आहे, स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, फिरवण्यापुरता नाही. दिवे झगझगीत आहेत आणि एकच जोरकस "टक" येऊन शांतता पसरते, तेव्हा संशय स्टार्टरवर घ्यायचा. आणि इंजिन नेहमीसारखं फिरतंय पण पेट घेत नाही, तेव्हा बॅटरी ठीक आहे. गडबड इंधनात, ठिणगीत किंवा किल्ली ओळखणाऱ्या यंत्रणेत आहे.

तुम्ही जाऊन उपयोग होईल तो पहिल्या दोन प्रकारांतच. बाकीच्या वेळी तुमची गाडी तिथे पोहोचूनही काही होणार नाही. टोइंगला फोन करून तुम्ही आपलं काम सुरू ठेवलेलं बरं. टोइंगला बोलावण्याआधी मात्र दोन गोष्टी फोनवरच करून घ्या. बटणावर चालू होणारी गाडी असेल तर किल्लीतली छोटी गोल बॅटरी संपलेली असू शकते. अशा वेळी किल्ली थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की बऱ्याच गाड्या चालू होतात. काही गाड्यांत किल्ली ठेवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. दुसरं, पेट्रोल गाडीत सेल्फ न मारता फक्त इग्निशन ऑन करून कान द्यायचा. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो इंधन पंप. ती आली नाही तर आधी पंपाचा फ्यूज तपासायचा.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर आणि अडथळा नसल्यासारखं फिरत असेल तर टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा पट्टा, तुटलेला असू शकतो. तेव्हा पुन्हा सेल्फ मारूच नये. अनेक इंजिनांमध्ये बेल्ट तुटल्यावर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि प्रत्येक प्रयत्नाला नुकसान वाढत जातं. एरवीसुद्धा एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट तरी थांबायचं, नाहीतर स्टार्टर तापतो.

प्रश्न: माझ्याकडे जम्प केबल आहे, पण कोणती तार आधी लावायची यावर आमचा रस्त्यातच वाद होतो.

वाद मिटवणारा क्रम असा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या, हँडब्रेक ओढलेला. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या उण्याला. आणि शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनवरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटचा चिमटा टेकताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. चांगली गाडी चालू करून पाचेक मिनिटं तशीच ठेवा, मग दुसरीला सेल्फ मारा. चालू झाली की केबल बरोबर उलट्या क्रमानं काढायच्या.

यात चुकतं कुठे? बहुतेक वेळा केबलमध्ये. दिसायला जाड पण आत तांबं नावापुरतं, अशा केबल सर्रास मिळतात. त्या गरम होतात आणि स्टार्टरला पुरेसा प्रवाह पोहोचत नाही. लहान पेट्रोल इंजिनासाठी तारेचा छेद 16 चौरस मिलिमीटर, डिझेलसाठी 25 असावा. दुसरी चूक, गंजलेल्या टर्मिनलवर चिमटा नुसता अडकवणं. चिमटा चावत बसला पाहिजे, जरा हलवून दात रुतवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीनं दुसऱ्या गाडीला करंट देण्याआधी तिची पुस्तिका बघा. अनेक कंपन्या ते करू नका असं स्पष्ट सांगतात.

गाडी चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली नाही. अर्धा तास चालवून उतरलेली बॅटरी भरत नाही, ती रात्रभर चार्जरवर लावावी लागते. साधा मल्टिमीटर घरात असू द्या. गाडी काही तास बंद राहिल्यावर 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. इंजिन चालू करूनही आकडा 12 च्या आसपासच रेंगाळत असेल तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र, चार्ज करत नाहीये. नवी बॅटरी टाकलीत तरी तीही उतरेल, आणि दोन दिवसांनी तोच फोन पुन्हा येईल.

प्रश्न: बायकोची गाडी घाटात गरम झाली. तिनं थांबून पाणी ओतलं आणि तशीच चालवत घरी आणली. आता काटा नॉर्मल आहे. एवढं घाबरायचं कारण आहे का?

काटा नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट निघून गेलं आणि सेन्सर नुसत्या वाफेत राहिला, की काटा खाली येऊ शकतो आणि इंजिन मात्र जळत असतं.

आधी पुढच्या वेळेसाठी. काटा चढताना दिसला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनाची थोडी उष्णता आत ओढून घेतो, गाडी सुरक्षित जागी नेण्यापुरता वेळ मिळतो. आतल्यांना घाम फुटेल, फुटू द्या. बॉनेटखालून वाफ दिसत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर हे सगळं सोडून गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण पाऊण तास तरी उघडायचं नाही. आत साधारण एक बार जादा दाब असतो, त्यामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि ते सगळं एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. थंड झाल्यावर पाणी हळूहळू, थांबत थांबत घालायचं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीत साधं पाणी चालतं, पण नंतर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या. तयार मिश्रण विकत घेतलं असेल तर त्यात आणखी पाणी मिसळायचं नाही.

आता तुमची गाडी. ती कधी गरम होते यावरून बरंच कळतं. फक्त सिग्नलला, वाहतुकीत गरम होते आणि वेगात गेली की उतरते, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज. वेगात किंवा चढावर गरम होते तर रेडिएटर तुंबलेला, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकलेला किंवा कूलंट कमी. इंजिन गरम आणि हीटरमधून मात्र गार हवा, म्हणजे कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. आणि खाली एक थेंबही न सांडता पातळी रोज कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ पट्टीचा, संशय घ्या: सायलेन्सरमधून न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे. थंडीच्या दिवसांत फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडी साय तशीही जमते, तेवढ्यावरून इंजिन उघडू देऊ नका. गॅरेजमध्ये कूलिंगची प्रेशर टेस्ट आणि कूलंटमध्ये इंजिनचा वायू मिसळतोय का, याची रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी करून मागा. दोन्ही अर्ध्या तासात होतात.

तोवर ही गाडी रोजच्या कामाला वापरू नका. थर्मोस्टॅटवर भागलं असतं ते काम अशी दोन-चार वेळा गरम झाल्यावर सिलेंडर हेड वाकण्यावर जातं. हेड बहुतेक गाड्यांत अॅल्युमिनियमचं असतं, खालचा ब्लॉक लोखंडी असेल तर त्याच्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं. मग दोन दिवसांची गैरसोय तीन आठवड्यांवर जाते.

प्रश्न: नवऱ्याची गाडी गॅरेजमध्ये आहे. रोज "उद्या देतो" म्हणतात. रोज संध्याकाळी आम्ही दुसऱ्या दिवसाची नव्यानं जुळवाजुळव करतो आणि रोज ती फुकट जाते. काय करावं?

"गाडी कधी मिळेल?" हा प्रश्न विचारणं बंद करा, कारण त्याचं उत्तर गॅरेजवाल्यालाही माहीत नसतं आणि नाराज करायला नको म्हणून तो "उद्या" म्हणतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. निदान झालंय की अजून शोधताय? पार्ट हातात आहे, मागवलाय, की अजून मागवायचाय? आणि काम बाहेर कुठे पाठवावं लागणार आहे का?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि उशीर तिथेच होतो. हेड मशीनवर घासायला, स्टार्टर किंवा अल्टरनेटर रिवाइंडिंगला, गिअरबॉक्स वेगळ्या कारागिराकडे, असं काम बाहेर गेलं की तारीख गॅरेजच्या हातात राहत नाही. पार्टचंही तसंच. ऑर्डर दिल्याची पावती किंवा नंबर मागा. "मागवलाय" म्हणजे कधीकधी "मागवणार आहे" असतं.

निदान व्हायचं असेल तर अंदाजावर पार्ट बदलू देऊ नका. कॉम्प्युटर लावून बिघाडाचा कोड निघाला की काम झालं असं वाटतं, पण कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी-0300 म्हणजे इंजिन मिसिंग करतंय, मधूनमधून पेट घेत नाहीये, एवढंच. ते प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की हवा गळत असल्यामुळे, हे माणसालाच तपासावं लागतं. कोड कागदावर लिहून घ्या. दुसरीकडे दाखवायची वेळ आली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

लेखी अंदाजात मजुरी आणि पार्ट वेगळे लिहून घ्या, पार्ट मूळ कंपनीचा की बाहेरचा हे लिहून घ्या, आणि "या रकमेच्या वर जायचं असेल तर आधी फोन" हे वाक्य जॉब कार्डवर येऊ द्या. बदललेले जुने पार्ट परत मागा. आणि फोन करणारा घरातून एकच ठेवा. सकाळी नवरा, दुपारी बायको असे फोन गेले की दोघांना दोन उत्तरं मिळतात आणि घरी त्यावरून वेगळं भांडण.

आता तुमच्या संध्याकाळच्या जुळवाजुळवीचं. ती रोज करू नका. पार्ट हातात येऊन काम सुरू झालंय असं कळेपर्यंत गाडी येत्या शनिवारपर्यंत मिळणार नाही असं धरून पूर्ण आठवडा लावून टाका. आधी मिळाली तर बरंच आहे. लावलेला आठवडा मोडायला काही लागत नाही, रोज नवा दिवस उभा करण्यातच दोघांचा जीव जातो.

टोइंगवाल्याकडे गाडी देतानाच्या दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. किल्लीच्या जुडग्यातून घराच्या किल्ल्या काढा. रात्री दाराशी उभं राहिल्यावर त्या आठवतात. मुलाची सीट, चष्मा, औषधं, कागदपत्रं काढून घ्या आणि किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा, चारही बाजूंचे फोटो काढा. ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद जाणारी किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर पूर्ण उचलून नेणारा सपाट ट्रकच मागवा. इंजिनाची किंवा मोटरची ताकद जाणारी चाकं जमिनीवर फरफटत नेली तर गिअरबॉक्स किंवा मोटर बिघडू शकते.

प्रश्न: आमच्याकडे आता एकच गाडी आहे, दोन नोकऱ्या आणि एक शाळेत जाणारं मूल. गाडी माझी आहे, बंद पडलेली नवऱ्याची. मी सगळ्यांना सोडत फिरते आणि तरी सगळ्यांना उशीर होतो.

तुम्ही सगळ्यांना सोडता, तिथेच गणित चुकतंय. कागदावर मांडून बघा.

आधी फक्त न हलणाऱ्या वेळा लिहा: शाळेची घंटा, हजेरीची वेळ, ठरलेल्या बैठका. "साधारण नऊला निघतो" असलं काही लिहू नका. मग प्रत्येक टप्प्याची मिनिटं लिहा, गर्दीच्या वेळेची, रविवारच्या रिकाम्या रस्त्याची नव्हे. समजा घरापासून नवऱ्याचं ऑफिस 25 मिनिटं, तिथून तुमचं 30, आणि घरून थेट तुमचं 20. त्याला सोडून गेलात तर 55 मिनिटं, म्हणजे 35 जादा. संध्याकाळी तेवढीच. दिवसाला 70 मिनिटं, पाच दिवसांत 350, जवळजवळ सहा तास. एवढा वेळ घालून जे वाचतं ते एका माणसाच्या भाड्याच्या गाडीचं किंवा बसचं भाडं. आता ठरवा, ते सहा तास त्या भाड्यापेक्षा स्वस्त आहेत का. बहुतेक घरांत नसतात. सकाळी एकत्र आणि संध्याकाळी ज्याचं त्यानं यावं, हा मधला मार्ग बऱ्याचदा जमतो, कारण सकाळची वेळ ठरलेली असते आणि संध्याकाळची नसते. संध्याकाळी एकमेकांची वाट बघण्यातच खरा वेळ जातो.

गाडी दिवसभर कुणाकडे राहणार, याचं उत्तर "जिची आहे तिच्याकडे" असं नसावं. दुपारी शाळेतून फोन आला तर कोण आधी पोहोचू शकतं, मधल्या वेळात बाहेरची कामं कुणाला आहेत, यावर ठरवा. एखाद्या दिवशी गाडी नवऱ्याकडे आणि तुम्ही बसनं, असंही निघेल. निघू द्या.

मुलासाठी मात्र एकच योजना ठेवा आणि ती आठवडाभर बदलू नका. सोडायला एक, आणायला एक, आणि त्यातलं कुणी अडकलं तर तिसरं माणूस, ज्याचं नाव शाळेत आधीच कळवलेलं आहे. ऐन वेळी शाळा अनोळखी माणसाच्या ताब्यात मूल देत नाही, देऊही नये.

छोट्या वाटणाऱ्या, पण रोज दहा मिनिटं खाणाऱ्या गोष्टी: किल्लीची जागा एकच. इंधन पाव टाकीच्या खाली आलं की ज्याच्या हातात गाडी त्यानं भरायचं, विचारायचं नाही. गाडी कुठे लावली हे उतरताना मेसेज करायचं. मुलाची सीट एका गाडीतून दुसरीत हलवली की पट्टा किंवा खालचे हुक पुन्हा तपासायचे. सीट पट्ट्याच्या जागी धरून जोरानं हलवली तर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. आणि पहिल्याच दिवशी विम्याचा कागद काढून जोडीदार ती गाडी चालवू शकतो का हे बघा. काही पॉलिसींमध्ये चालकांची नावं दिलेली असतात, नाव नसेल तर दावा अडतो.

आणखी एक, गाडीबद्दल नसलेलं. ज्याची गाडी बंद आहे त्याला प्रत्येक फेरीसाठी विचारावं लागू नये. "मला उद्या सोडशील का?" हे वाक्य आठवड्यात पाच वेळा म्हणावं लागलं की माणूस चिडतो, आणि त्याला स्वतःलाही कळत नाही का चिडला. वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावलं की ते वाक्य म्हणावं लागत नाही.

प्रश्न: या गोंधळात बायकोची डिझेल गाडी मी घेऊन गेलो आणि सवयीनं पेट्रोल भरलं. लगेच लक्षात आलं, पण थोडंच भरलं होतं म्हणून गाडी चालवत आणली. चालेल ना?

नाही. आधुनिक डिझेल गाडीचा उच्चदाब पंप डिझेलच्याच तेलकटपणावर चालतो. पेट्रोल तो तेलकटपणा धुऊन काढतं, धातू धातूवर घासतो आणि त्याचा बारीक चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. आता आणखी चालवू नका. टाकी रिकामी करून, फिल्टर बदलून, त्यात चुरा दिसतोय का ते बघून घ्या. चूक पंपावरच लक्षात आली तर इग्निशनसुद्धा ऑन करायचं नाही, कारण तेवढ्यानंही आतला पंप इंधन पुढे ढकलायला लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्यायची. तिथेच टाकी उपसली तर प्रकरण तिथेच मिटतं.

गाडी अदलाबदलीच्या दिवसांत इंधनाच्या झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा. निघण्याआधी सीट, तिन्ही आरसे आणि वायपर-दिव्यांची बटणं एकदा हाताखालून घाला. मॅन्युअलची सवय असलेल्यानं ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय पूर्ण मागे ठेवायचा. क्लच समजून ब्रेक दाबला जातो आणि मागची गाडी आत येते.

प्रश्न: बॅटरीचा लाल दिवा लागतोय हे मी त्याला आठवडाभर सांगत होते. आता गाडी बंद पडली आणि तोच माझ्यावर चिडचिड करतो. गप्प बसू का?

दिव्याचं तुमचं बरोबर होतं. लाल बॅटरीचा दिवा बॅटरीबद्दल कमी आणि चार्जिंगबद्दल जास्त बोलतो: अल्टरनेटर, त्याची वायर किंवा बेल्ट. काही इंजिनांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणजे तो तुटला तर गाडी बंद पडायच्या आधी गरम होते.

पण हे आज रात्री सांगू नका. त्याला ते माहीत आहे, चिडचिड त्याचीच आहे. आज फक्त उद्याचं बोला: कोण किती वाजता कसं जाणार. "सांगितलं होतं ना" हे वाक्य गाडी परत आल्यावर शांतपणे आणि कामाच्या रूपात येऊ द्या: लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी लगेच थांबवायची, पिवळा लागला तर त्या आठवड्यात दाखवायची, आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करून लवकरात लवकर थांबायचं, कारण मिसिंगमुळे न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं. हा नियम दोन्ही गाड्यांना, दोघांना. चिडचिड दोन आठवडे टिकली तर मात्र ती गाडीची नाही, आणि तेव्हा गप्प बसू नका.

प्रश्न: दुरुस्तीचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ गेलाय. नवरा म्हणतो दुरुस्त करू, मी म्हणते विकू.

तुम्ही दोघं आकड्याची तुलना चुकीच्या गोष्टीशी करताय. गाडीची किंमत किती, हा विकणाऱ्याचा प्रश्न झाला. वापरणाऱ्यानं दुरुस्तीचा खर्च भागिले ती त्यानंतर किती महिने नीट चालेल, असा महिन्याचा आकडा काढावा आणि दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा यांच्या महिन्याच्या आकड्याशी लावावा. क्लच, रेडिएटर, स्टार्टर असली कामं एकदा केली की वर्षानुवर्षं परत येत नाहीत, तिथे नवऱ्याचं बरोबर ठरतं. चेसिसपर्यंत गेलेला गंज, ऑइल पिणारं इंजिन, पाण्यात बुडून गेलेल्या वायरिंगचे रोज नवे बिघाड, तिथे तुमचं. दुरुस्तीचा निर्णय घेण्याआधी त्याच गाडीत पुढच्या वर्षात आणखी काय येऊ घातलंय, हे मेकॅनिककडून लिहून घ्या: टायर, टायमिंग बेल्ट, सस्पेन्शन. ते बेरजेत धरलं की बहुतेक वाद आपोआप एका बाजूला झुकतो.

प्रश्न: गाडी आज मिळाली. आता काय बघायचं?

ताब्यात घेताना गाडी थंड असतानाची सुरुवात बघा, गरम करून ठेवलेली नको. मग ज्या परिस्थितीत बंद पडली होती त्याच परिस्थितीत चालवा. वाहतुकीत गरम होत होती तर वाहतुकीत, अर्ध्या तासानं बंद पडत होती तर निदान तासभर. गॅरेजभोवतीची एक चक्कर म्हणजे तपासणी नव्हे. चाकं काढली असतील तर 50 ते 80 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, कारण चाक बसलं की नटांचा ताण थोडा सैल पडू शकतो. कूलिंगचं काम झालं असेल तर पुढच्या तीन-चार सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बाटलीतली पातळी बघा. आत अडकलेली हवा बाहेर पडली की पहिल्या दिवशी पातळी थोडी उतरते, तिसऱ्या दिवशीही उतरत असेल तर गाडी परत न्या. बॅटरी काढली असेल तर घड्याळ, एका स्पर्शात वर जाणाऱ्या काचा आणि इंजिनाचा आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी असतानाचा, वेग सुरुवातीला विचित्र वागतात, थोडं चालवल्यावर आयडलिंग सुधारतं.

दोन आठवडे दोघांचा भार वाहिलेल्या दुसऱ्या गाडीचंही ऑइल आणि टायरमधली हवा बघून घ्या. आणि फ्रिजवरचं वेळापत्रक शुक्रवारपर्यंत राहू द्या. दुरुस्तीतली कसर राहिली असेल तर ती बहुधा पहिल्या चार-पाच दिवसांतच दिसते.